सुटले बिचारे

आत्या नुकतीच भूतानची ट्रिप करून आली. फॅमिली ग्रुपवर दोन दिवस नुसता फोटोंचा पाऊस. पारोचा विमानतळ, टायगर्स नेस्टच्या चढावर काठी टेकून दम खाणारे काका, थिंफूच्या चौकात सिग्नलऐवजी हातवारे करणारा पोलीस. आणि सगळ्यात शेवटी आत्याचा मेसेज : "काय सुखी माणसं आहेत गं! तिथलं सरकार म्हणे आनंद मोजतं."

मी अंगठा पाठवून मोकळी झाले. पण मग रात्रभर डोक्यात तेच. म्हणून म्हटलं, लिहूनच टाकावं.

आत्या, वाचत असशील तर रागावू नकोस. तुझ्या फोटोंना नावं ठेवायला हे लिहीत नाहीये, देश सुंदर आहेच. फक्त तुला ठाऊक नसलेली एक गोष्ट सांगायची आहे. मी इथे कोलंबसमध्ये जिथे राहते, तिथून गाडीने दहा मिनिटांवर भूतानमधून आलेली हजारो माणसं राहतात. त्यांच्या घरांत ते डोंगर, त्या नद्या कॅलेंडरवर असतात. तिकीट काढून तिथे जाऊन येणं मात्र तुझ्याइतकं त्यांना सोपं नाही.

थोडक्यात सांगते. भूतानच्या दक्षिणेला पिढ्यान् पिढ्या राहणारे, नेपाळी बोलणारे, बहुतेक हिंदू असे हे लोक. त्यांना ल्होत्शाम्पा म्हणतात, म्हणजे दक्षिणेकडचे. संत्री, वेलदोडा, सुपारी पिकवणारे शेतकरी. 1985 मध्ये नागरिकत्वाचा नवा कायदा आला आणि 1988 मध्ये दक्षिणेत शिरगणती सुरू झाली. 1958 साली तुम्ही इथे राहत होतात याचा पुरावा दाखवा. नुसतं त्याच्या आधीचं नको, नंतरचं नको, 1958 चंच हवं. माणसांची सात वर्गांत विभागणी झाली; पहिला वर्ग अस्सल भूतानी, सातवा परका. एकाच घरात नवरा एका वर्गात नि बायको दुसऱ्या. 1989 मध्ये शाळांतून नेपाळी गेली, राष्ट्रीय पोशाखाची सक्ती आली. 1990 मध्ये दक्षिणेत मोर्चे निघाले, मग धरपकड, आणि मग माणसं निघाली. कित्येकांकडून "आम्ही राजीखुशीने देश सोडतो आहोत" अशा कागदावर सह्या घेतल्या गेल्या. आपल्या आसाम-बंगालमधून ते नेपाळला पोचले. पूर्व नेपाळात झापा आणि मोरंग जिल्ह्यांत सात छावण्या उभ्या राहिल्या आणि त्यांत लाखावर लोक. ज्या राजाच्या काळात आनंद मोजायची कल्पना निघाली, त्याच राजाच्या काळात हे झालं.

छावणीत बांबूची झोपडी, वर गवत, मोजून मिळणारं रेशन, आणि बाहेर काम करायला कायद्याने परवानगी नाही. असं वर्ष-दोन वर्षं नाही, सोळा-सतरा वर्षं. नेपाळ आणि भूतान चर्चा करत राहिले, परत मात्र कोणी गेलं नाही. शेवटी 2006 मध्ये अमेरिकेने साठ हजार लोकांना घ्यायची तयारी दाखवली, 2008 मध्ये विमानं सुटायला लागली, आणि पुढच्या आठ-नऊ वर्षांत आठ देशांनी मिळून एक लाखाहून जास्त माणसं नेली. त्यातली बहुतेक अमेरिकेत.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मी हे कोणाला सांगितलं की ठरलेलं उत्तर येतं : "सुटले बिचारे!"

मीही तेच म्हणायचे.

आता आकडे. (आकडे नको असतील तर हा परिच्छेद सोडा, पण नका सोडू.) 2009 च्या फेब्रुवारीपासून 2012 च्या फेब्रुवारीपर्यंत, तीन वर्षांत, अमेरिकेत आलेल्या या लोकांपैकी सोळा जणांनी आत्महत्या केली. तोपर्यंत इथे साधारण सत्तावन्न हजार लोक आले होते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, याचा तपास केला. दर लाखामागे वर्षाला 20.3 असं प्रमाण निघालं. त्या वेळी एकूण अमेरिकेचं होतं 12.4. सोळा हा आकडा लहान आहे, त्यावरून फार हिशेब मांडू नयेत हे मान्य. पण मला थांबवलं ते पुढच्या आकड्याने. नेपाळच्या छावण्यांतलं प्रमाणही जवळजवळ तेवढंच होतं, विसाच्या थोडं वर. म्हणजे झोपडी गेली, रेशनची रांग गेली, पंखा-फ्रीज-हीटरवालं घर आलं, पोरं शाळेत गेली, आणि तो आकडा आपला जागचा हलला नाही.

त्याच तपासात चार राज्यांतल्या चारशेहून जास्त लोकांना प्रश्न विचारले होते. मला वाटलं होतं, बहुतेक जण जुन्या छळाच्या आठवणींनी पछाडलेले निघतील. तशी लक्षणं निघाली साडेचार टक्क्यांत. खोल नैराश्याची लक्षणं निघाली एकवीस टक्क्यांत. आणि त्रास कशाचा म्हणाल, तर इंग्रजी येत नाही, काम मिळत नाही, मागे राहिलेल्यांची काळजी, घरात वाढलेली भांडणं, सणवार-पूजाअर्चा नीट करता येत नाहीत. ज्यांच्या मनात जीव द्यायचे विचार येऊन गेले होते त्यांच्यात ठळक दिसलेली एक गोष्ट : घर चालवणारा मी नाही.

हे वाचलं तेव्हा मला एक माणूस आठवला. खरं तर विसरलेच नव्हते.

मी 2009 मध्ये आले ती डिपेंडंट व्हिसावर. तेव्हा एच-फोरवाल्यांना नोकरीची परवानगीच नव्हती. घरात बसून वेड लागायची पाळी, म्हणून लायब्ररीच्या तळघरात आठवड्यातून दोनदा नव्याने आलेल्यांना इंग्रजी शिकवायला जायला लागले. माझी निवड माझ्या इंग्रजीमुळे झाली नाही, मला देवनागरी वाचता येते म्हणून झाली! नेपाळी पत्रकं मी अडखळत का होईना वाचायचे, आणि त्या सगळ्यांना हिंदी सिनेमांच्या कृपेने हिंदी यायचं. वर्गात एक बाजे होते, म्हणजे आजोबा. ते मला 'नानी' म्हणायचे. मी तिशीची, ते सत्तरीचे, मला कळेना हे मला आजी का म्हणतात. मग कळलं की नेपाळीत नानी म्हणजे पोरगी, बाळ. गेलेफूकडे त्यांची सुपारीची बाग होती. माझं आजोळ श्रीवर्धनचं, म्हटल्यावर आमची गाडी जी सुपारीवर घसरायची की वर्गाची वाट लागायची.

आणि एक दाजू होते. पंचेचाळिशीचे, दाढी नेहमी गुळगुळीत, वही व्यवस्थित. (ओळख पटू नये म्हणून एक-दोन तपशील बदलले आहेत.) बायकोला एका गोदामात काम मिळालं होतं, मोठ्या मुलाला रात्रपाळी. हे घरी. एकदा वर्ग संपल्यावर खुर्च्या रचायला मदत करता करता ते हिंदीत म्हणाले, "यहाँ मेरा कोई काम नहीं."

मी काय केलं असेल? पुढच्या वेळी नोकऱ्यांच्या मेळाव्याचं पत्रक नेऊन दिलं.

'कोई काम नहीं'. आपल्याकडेही 'माझं इथे काही काम नाही' या वाक्याचे दोन अर्थ होतात आणि ते मला कळायला हवे होते. त्यांनी पत्रक नीट घडी घालून वहीत ठेवलं, थँक्यू म्हणाले. पुढचे दोन आठवडे ते वर्गाला आले नाहीत, आणि मी आनंदात की चला, लागली वाटतं नोकरी. तिसऱ्या आठवड्यात बाजेंनी सांगितलं.

यापुढे त्याबद्दल लिहीत नाही. मी विचारलं असतं तर ते राहिले असते, असा दावा मी करणार नाही. तो माज होईल. अशा मृत्यूला एकच कारण कधी नसतं. पण मी विचारलं नाही, एवढं खरं.

गंमत बघा (गंमत म्हणजे तसली नव्हे), त्याच वर्षी आई-बाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे आले होते. बाबा एसटीच्या डेपोतून रिटायर झालेले, अख्ख्या आळीचे फॉर्म भरून देणारे, सकाळी वाडीत शिंपणं करून मगच चहा घेणारे. इथे पहिले पंधरा दिवस कौतुकात गेले. तिसऱ्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा गाडी पुसायला लागले. कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक करून फ्रीजवर लावलं. दुपारी खिडकीत बसून कोणाच्या ड्राइव्हवेत किती गाड्या आल्या ते आईला सांगायचे. एका रात्री मी पाणी प्यायला उठले तर ते आईला म्हणत होते, "मी इथे नक्की कशासाठी आहे गं?" सोन्यासारखी लेक, नातू मांडीवर, पोटाला सुग्रास, आणि तरी. फरक एवढाच की बाबांच्या पासपोर्टात परतीचं तिकीट होतं आणि कॅलेंडरवर ते एकेक दिवस फुली मारत होते. दाजूंच्या कॅलेंडरवर फुल्या मारून कुठे पोचायचं होतं?

पुनर्वसन म्हणून जे इथे चालतं त्यात वाईट हेतूने कोणी काही करत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. विमानतळावर गरम कोट घेऊन माणसं उभी असतात. घरात तांदूळ-डाळ भरलेली असते. पण सगळ्या यंत्रणेचा डोळा घड्याळावर. स्वागताची मदत पहिल्या तीन महिन्यांची. विमानाचं भाडं म्हणजे कर्ज, बिनव्याजी खरं, पण थोड्याच महिन्यांत हप्ते सुरू. किती लवकर घरात पगार आला, यावर कुटुंब 'मार्गी लागलं' की नाही हे ठरतं. आणि पगार येतो तो बहुधा बायकोचा किंवा एकोणीस वर्षांच्या पोराचा. कागदावर घर मार्गी. घरातला एक माणूस मात्र कुठल्याच रकान्यात नसतो. बापाला बँकेत, दवाखान्यात, शाळेत पोराच्या मागून चालावं लागतं, पोरगा बोलतो, बाप मान हलवतो. छावणीत रेशनच्या रांगेत उभं राहणं हे तरी त्याचं काम होतं.

यावर कोणी म्हणेल, तपासणी होत नाही का? होते. पंधरा प्रश्नांची एक चाचणी आहे, सिअॅटलकडे तयार झालेली, नेपाळीतही आहे, चांगली आहे. पण ती बहुधा आल्या आल्या घेतात. तेव्हा माणूस हवेत असतो. सगळं नवं, सगळं चकचकीत, उत्तर 'फाइन'. उतरण लागते ती सहा-आठ महिन्यांनी, पहिला हिवाळा आणि पहिली बिलं एकदम येतात तेव्हा. आणि दुभाषा कोण? नियम काहीही म्हणोत, मी पाहिलंय तिथे बरेचदा शेजारचा, नाहीतर घरातलंच लेकरू. पंधरा वर्षांच्या मुलीने बापाला विचारायचं, "बाबा, तुम्हाला जगणं नकोसं झालंय का?" आणि बापाने तिला खरं उत्तर द्यायचं. जमेल का तुम्हाला?

इथे एक फार सुंदर गोष्ट सांगते. नेपाळमध्ये काम केलेल्या ब्रँडन कोर्ट आणि इयन हार्पर या अभ्यासकांनी 2008 साली एक निबंध लिहिला. त्यात ते म्हणतात की नेपाळीत 'मन' वेगळं आणि 'दिमाग' वेगळा. मन दुखतं, मन जड होतं, त्यात लाज नाही, ते कोणाचंही होतं. पण दिमाग बिघडला म्हटलं की संपलं. सोयरीक मोडते, लोक तोंड फिरवतात. आणि 'मेंटल हेल्थ'चं सरधोपट भाषांतर करणारा नेमका दिमागावर बोट ठेवतो. हे वाचताना मला हसूही आलं नि कसंतरीही झालं, कारण हे मराठी माणसाला शिकवायला अमेरिकन विद्यापीठ कशाला हवं? डोकं फिरलं आणि मन लागत नाही यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे आपल्याला पाळण्यात कळतं. मी तळघरात दोन वर्षं बसून "हाऊ आर यू? आय अॅम फाइन" घोकून घेत होते. मन हा शब्द तोच, लिपी तीच, आणि "मन लागतंय का इथे?" हे मी एकदाही विचारलं नाही.

आता विचारते. आणि त्याच्या पुढचंही स्पष्ट विचारते, जीव द्यावासा वाटतो का म्हणून. असं विचारल्याने डोक्यात नसलेलं भूत घातलं जातं ही समजूत चुकीची आहे, असं या विषयातले जाणकार सांगतात. उलट बहुतेकांना सुटकेचा श्वास पडतो की कोणीतरी विचारलं. इथे 2022 पासून 988 हा नंबर आहे, दुभाषा मिळतो. तिकडे भारतात 14416 वर टेलि-मानस आहे, मराठीत बोलतात. नंबर फ्रीजवर लावा, कचऱ्याच्या वेळापत्रकाशेजारी.

नंतरच्या वर्षांत या समाजाने स्वतःच पुष्कळ केलं, हेही लिहायला हवं, नाहीतर सगळे रडतच बसलेत असं वाटायचं. कित्येक शहरांत त्यांच्यातल्याच लोकांनी मानसिक प्रथमोपचाराचं शिक्षण नेपाळीतून घेतलं नि दिलं. म्हाताऱ्यांसाठी दिवसभराची केंद्रं निघाली, तिथे भजन, पत्ते, आणि एकमेकांची उणीदुणी. शेताचे लहान तुकडे मिळाले, त्यात रायो नावाची मोहरीची भाजी पिकते. बाजेंना असा एक तुकडा मिळाला त्या वर्षीपासून ते मला पिशवी भरून भाजी देतात आणि पैसे दिले तर चिडतात. घरं घेतली लोकांनी, दुकानं काढली, पोरी नर्स झाल्या. कोलंबसमध्ये मोमो खायचा असेल तर या, पत्ता सांगेन.

मला राग येतो तो 'कृतज्ञ'वाल्यांचा. "एवढं सगळं मिळालं, आता आणखी काय हवंय?" असं म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत, आणि आपण सगळे स्वतःहून, रीतसर व्हिसा काढून, दर दोन वर्षांनी लोणच्याच्या बरण्या आणायला घरी जाणारे. ज्याला सतत आभार मानायचे असतात तो मन जड झालंय हे कुठल्या तोंडाने सांगणार?

आणि आपला तो शब्द, 'सुटले'. कैदी सुटतो, शाळा सुटते, आणि बराच आजारी माणूस गेला की आपण म्हणतो, सुटला बिचारा. मला हल्ली तो शब्द तोंडातून काढवत नाही. ना विमानात बसलेल्यांसाठी, ना दाजूंसाठी. ते सुटले नाहीत, ते गेले. मागे बायको आहे, मुलं आहेत, आणि त्यांना अजून लोक कुजबुजत विचारतात की घरात काही भांडण झालं होतं का.

हे सगळं जुनं झालं असं वाटत होतं, तोवर 2025 उजाडलं. त्या वर्षीच्या मार्चपासून अमेरिकेने इथल्या काही भूतानी निर्वासितांना पकडून, जुने गुन्हे दाखवून, थेट भूतानला पाठवलं. भूतानने त्यांना ठेवून न घेता भारताच्या सीमेवर आणून सोडलं. काही जण तिथून नेपाळात पोचले, आणि झापाच्या त्याच छावणीत जाऊन राहिले जिथून पंधरा वर्षांपूर्वी निघाले होते. गुन्हा केला त्याला शिक्षा व्हावी, ती बहुतेकांनी भोगलीही होती. पण देशच नसलेल्या माणसाला पाठवायचं कुठे, हा प्रश्न 1990 मध्ये जिथे होता तिथेच निघाला. त्या दिवसांत इथल्या घराघरांत पुन्हा जुनी झोप उडाली. ज्यांच्यावर साधं पार्किंगचं तिकीट नाही तेही खिशात कागद घेऊन फिरायला लागले.

बाजेसुद्धा. त्यांना 2017 मध्ये नागरिकत्व मिळालं होतं. तेव्हा शंभर प्रश्नांची यादी असायची, त्यातले दहा विचारायचे, सहा बरोबर यावे लागायचे, आणि सगळं इंग्रजीत. सात वर्षांत नागरिक झाला नाहीत तर म्हातारपणाचा भत्ता बंद, त्यामुळे घरात नुसती घालमेल. पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा सातवं उत्तर बरोबर आल्यावर बाहेर येऊन मला फोन केला होता : "नानी, पास!"

तर त्या वसंतात ते काठी टेकत माझ्या गाडीत बसले आणि म्हणाले, लायब्ररीत चल, कॉप्या काढायच्यात. प्लास्टिकच्या पिशवीतून नागरिकत्वाचं सर्टिफिकेट काढलं. त्याच्या मागे तपकिरी पडलेला, चार घड्यांचा एक कागद. शेतसाऱ्याची पावती, वडिलांच्या नावाची.

मी म्हटलं, "बाजे, याची कशाला?"

"दोन्हीच्या काढ," ते म्हणाले. "चार-चार."

दहा सेंटला एक. आठ कॉप्या, ऐंशी सेंट. पावतीच्या घड्या उलगडताना फाटेल अशी मला भीती वाटत होती, तर त्यांनी मला बाजूला सारलं आणि स्वतःच्या हाताने ती काचेवर सपाट करून ठेवली.